धनेशाच्या झाडाची दोरी

डोंगरउतारावरच्या एका गावात अनसूया नावाची बाई राहत असे. ती पाहुण्यांना रान दाखवी आणि रानाची राखणही करी. त्या रानात बेहड्याचे एक जुने झाड होते. दर उन्हाळ्यात धनेश पक्ष्याची मादी त्याच्या ढोलीत शिरे, ढोलीचे तोंड आतून लिंपून घेई आणि चोच मावेल एवढीच फट ठेवी. नर बाहेरून फळे आणून तिला भरवी. हे नवल पाहायला लांबलांबून माणसे येत.

म्हणून गावाने कायदा केला होता. झाडापासून चाळीस पावलांवर दोरी. जो ती ओलांडेल, त्याला त्या वर्षी रान बंद.

एकदा एका बड्या शेटजींनी दोरी ओलांडली. अनसूयेने त्यांना तिथूनच परत धाडले. ती म्हणाली, "अहो शेटजी, घरात बाळंतीण असली की आपण दारातूनच विचारपूस करतो ना? मग इथे आत कशाला घुसता?"

तिला स्वतःला मात्र एकच ध्यास होता, पिल्लू बाहेर पडताना पाहायचे. चार वर्षे ते हुकले होते. एका सकाळी ढोलीतून टकटक ऐकू आली. आता लिंपण फुटणार की काय? रानात कोणी नव्हते. 'दोरी पाहुण्यांसाठी आहे, मी तर घरचीच,' असे म्हणत ती थेट बुंध्याशी जाऊन बसली.

सूर्य डोक्यावर आला. फटीतून चोच बाहेर येई आणि रिकामीच आत जाई. नर गेला तरी कुठे? अनसूयेने मान वळवली. पलीकडच्या झाडावर तो केव्हाचा बसला होता. गळा फळांनी फुगलेला, नजर तिच्यावर.

ती उठून दोरीमागे गेली. थोड्याच वेळात नर ढोलीशी आला आणि गळ्यातून एकेक फळ काढून फटीत देऊ लागला.

अनसूया तशीच गावच्या प्रमुखाकडे, गावकरांकडे गेली.

"गावकर, आज मी दोरी ओलांडली."

"कोणी पाहिलं?"

"धनेशाने."

गावकर हसले. "मग राहू दे गो. दोन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येईल. तेवढं बघ तरी."

"शेटजींना एक न्याय आणि मला दुसरा, असं कसं चालेल?"

तिने त्या वर्षापुरती राखण शेजारणीकडे सोपवली आणि रानात पाऊल टाकले नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू उडाले. अनसूयेने ते पाहिले नाही. रानातून उतरणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती अंगणात बसवी, पाणी देई आणि विचारी, "पहिली झेप कशी घेतली त्याने? सावकाश सांगा, मला घाई नाही."

तात्पर्य: रानाला जो आपले म्हणतो, त्याने रानाचा कायदा सर्वांत आधी स्वतः पाळावा.