आभाळ घुमलं आणि वेस बांधली

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा एका घरची चूल विझली तर शेजारच्या चुलीतला निखारा खापरीत घालून आणायचे, आणि त्याला कुणी मागणं म्हणत नसे.

डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. भोवती दगडी गडगा आणि आत यायला एकच वेस.

त्या गावात हौसा नावाची एक सून होती. तिला पहिलाच मुलगा झाला. बाळंतपणात ताप भरला आणि तिच्या अंगावरचं दूध आटलं. पण पोराचं नशीब थोर. समोरच्या घरात सारजा राहायची, तिचीही लेक तेवढीच होती. सारजा म्हणाली, "आण इकडं. एकीचं भागतंय तर दोघांचंही भागेल." तेव्हापासून पोर रडलं की हौसा त्याला उचलायची आणि समोर जायची. सारजाला ती वैनी म्हणायची.

आणि एके दिवशी तिन्हीसांजेला आभाळ घुमलं.

तो गडगडाट नव्हता. ढग तर नावालाही नव्हता. मोठ्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार भरावा, तसा लांबलचक आवाज वरून आला. गाईंनी कान टवकारले. अंगणातली कुत्री घरात घुसली. हौसाचं पोर झोपेत दचकलं आणि हात वर फेकून रडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी परत तेच. मग कधी पहाटे, कधी भर दुपारी.

चावडीपुढं गाव जमलं. कुंभार म्हणाला, "या पाथरवटानं डोंगर फोडून फोडून पोकळ केला. डोंगर कण्हतोय, आभाळ नुसतं ओ देतंय."

पाथरवट कशाला ऐकून घेतोय? "वा रे शहाण्या! तुझ्या भट्टीच्या धुरानं आभाळाला ठसका लागलाय, तो नाही का दिसत?"

गुरव म्हणाला, देवीचा नैवेद्य यंदा हलका झाला. हे बोलताना त्यानं पाटलाकडं बघितलं. पाटील म्हणाला, हे खालच्या गावाचं काम, त्यांनीच काहीतरी सोडलंय आपल्यावर. हौसाची सासू बायकांतून म्हणाली, "सुना उंबऱ्यावर बसायला लागल्या, मग आभाळ बोलणार नाही तर काय?"

एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. "वारा असेल," तो म्हणाला. "वरच्या कड्याला खिंडार आहे. नाहीतर उंचावरनं पाखरांचे थवे जात असतील. नाहीतर आणखी काही. मला तरी ठाऊक नाही बाबांनो."

लोक हसले. वाऱ्याला दोष देऊन कुणाचा जीव थंड होणार? पाखरांना दंड कोण करणार?

हौसा पोराला छातीशी धरून ऐकत होती. तिला सगळ्यांचंच खरं वाटायचं, ज्याचं त्यानं बोलून संपेपर्यंत. घरी आल्यावर तिनं पोरावरून मीठ-मोहरी उतरली, मनगटात काळा दोरा बांधला, पाळणा भिंतीपासून लांब ओढला. तरी आवाज आला की पोर दचकायचंच. आणि पोर दचकलं की हौसा आभाळाकडं बघायची नाही. ती गावाकडं बघायची. कोण करतंय हे?

एका संध्याकाळी आवाज झाला. सगळी माणसं घरात पळाली. हौसानं दाराच्या फटीतून बघितलं, तर समोर सारजा एकटीच अंगणात उभी. तोंड वर, हात जोडलेले, ओठ हलतायत.

हौसानं दार घट्ट लावून घेतलं. ही कुणाशी बोलतेय?

संशयाचं असं असतं बायांनो, तो एकदा घरात शिरला की जुनी गाठोडी सोडायला बसतो. हौसाला एकेक आठवायला लागलं. सारजाचं माहेर नदीपलीकडचं, तिथं काय चालतं कुणाला माहीत? आभाळ एवढं घुमतं, पण सारजाची लेक एकदाही दचकत नाही. का दचकत नाही? आणि इतके दिवस सारजा दूध पाजते, कधी मूठभर दाणे मागितले नाहीत. फुकट कोण कुणाला देतं? काहीतरी घेत असणारच. काय घेत असेल ती आपल्या पोराचं?

त्या दिवसापासून हौसाच्या तोंडून 'वैनी' गेलं. "ती", "ती समोरची" असं ती म्हणायला लागली. सासूच्या कानात तिनं सगळं घातलं.

सासू म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणत होते." ती कधीच म्हणत नव्हती. पण संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या सगळ्या बाया पहिल्यापासून म्हणत होत्या.

पण सारजाचं नाव उघड कसं घ्यायचं? तिचा नवरा बैलांवरून घाटाखालचं मीठ आणायचा. गावातल्या प्रत्येक मडक्यात त्याचंच मीठ. तेव्हा हौसाच्या सासूनं पाटलाला तोड सुचवली. "कुणाचं नाव नको, गाव नको. वेस बांधा. पूर्वी पटकीच्या साथीत बांधायचे तशी."

पाटलाला ते पटलं. गुरवानं वेशीवर कडुलिंबाच्या डहाळ्यांची दोरी ताणली. दवंडी फिरली. आभाळ गप्प होईपर्यंत बाहेरच्यानं आत यायचं नाही, आतल्यानं बाहेर जायचं नाही. आणि गावातही एका उंबऱ्यातली वस्तू दुसऱ्या उंबऱ्यात न्यायची नाही. निखारा नाही, मीठ नाही, ताकाचा थेंबसुद्धा नाही. जो मोडेल, त्याच्यावर आवाजाचं पाप.

हौसाचा नवरा काठी घेऊन वेशीवर पहाऱ्याला बसला. हौसाला बरं वाटलं. न बोलता सारजाचं दार बंद झालं. पोराचंही तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. कुंभाराची सून लेकुरवाळी होती, तीही अंगावर पाजत होती. मागच्या बोळातून तिच्याकडं जायचं, की झालं.

ती गेली. कुंभाराच्या सुनेनं दार उघडलं, पोर बघितलं आणि दार निम्मं लोटून घेतलं.

"अगं, दूध काय वस्तू आहे का?" हौसा म्हणाली.

"तुझ्याच सासूनं नेम सांगितला ना, थेंबसुद्धा नाही म्हणून?"

"तो तुझ्या-माझ्यासाठी नव्हे गं. तो तिच्यासाठी होता."

"दवंडीवाल्यानं तसं नाही सांगितलं." मग कुंभाराच्या सुनेनं आवाज बारीक केला. "आणि हौसे, राग नको मानू. आवाज सुरू झाल्यापासून तुझं पोर तिचंच दूध पितंय. त्याच्या पोटात काय गेलंय ते तुला तरी ठाऊक आहे का? माझ्या पोराशेजारी नाही घेणार मी त्याला."

दार लागलं. हौसा बोळात उभी राहिली. आजवर ज्या नजरा तिला सारजाच्या दारावर दिसायच्या, त्या आता तिच्या हातातल्या पोरावर होत्या. पाथरवटाच्या म्हातारीनं तिला येताना बघितलं आणि आपल्या नातवाला पदराखाली घेतलं.

घरी हौसानं पोराला पेज पाजली, ती त्यानं उलटून टाकली. बकरीच्या दुधात बोळा भिजवून दिला, त्यानं तोंड फिरवलं. रडून रडून त्याचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा झाला. मग तर ते रडायचंही थांबलं. नुसतं ओठ हलवत पडून राहिलं.

रडणाऱ्या पोरापेक्षा गप्प पोराची भीती मोठी. आई झालेल्या कुणालाही हे सांगायला नको.

हौसानं पोर उचललं. सासू म्हणाली, "अगं, पाप लागेल!" हौसा म्हणाली, "लागू दे." आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती समोरच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आत पाऊल टाकायला मात्र धजली नाही.

सारजा दारात आली. तिनं आधी पोराकडं बघितलं, मग हौसाकडं.

"आभाळ ओरडलं की माझ्याकडं बोट, आणि पोर ओरडलं की माझ्याकडं पाय," ती म्हणाली. "बरं जमतं गं तुम्हाला."

"वैनी, काय बोलायचं ते बोल. पण..."

"बोलणं मागनं. आण त्याला."

ती भिंतीला टेकून बसली. पोराला आधी ओढताच येईना. तिनं थेंब थेंब त्याच्या ओठांवर सोडले, तेव्हा कुठं त्यानं धरलं. हौसाच्या डोळ्यांना धार लागली. पण संशय मेला तरी त्याची शेपटी हलत राहते. तिनं विचारलंच, "त्या संध्याकाळी अंगणात उभी राहून काय म्हणत होतीस?"

"काय म्हणणार? धनी बैल घेऊन घाटात. वर काही वाजलं की मला घाटच दिसतो. दरड नको कोसळू देऊ देवा, माणूस घरी येऊ दे. एवढंच. मला विचारता आलं नसतं?"

हौसानं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "आणि तुझी लेक? ती कशी दचकत नाही?"

सारजानं पाळण्याकडं बघितलं. लेक जागी होती, आपली मूठ चोखत होती. "तिच्या कानाशी भांडं आपटलं तरी ती मान वळवत नाही," सारजा म्हणाली. "अजून कुणाला सांगितलं नव्हतं."

जे हौसानं पुरावा म्हणून सासूला सांगितलं होतं, विहिरीवरच्या बायांनी जे चघळलं होतं, ते एका आईचं झाकून ठेवलेलं दुःख होतं.

तेवढ्यात आभाळ घुमलं. पूर्वीसारखंच लांब, खोल. दोघींनी मान वर केली. पोरानं मात्र एक डोळा उघडला, मिटला आणि दूध पीत राहिलं.

बाहेर गाव जमलं होतं. पाटील म्हणाला, "हौसे, तू नेम मोडलास." हौसा पोराला घेऊन ओट्यावर आली. सासऱ्याच्या वयाच्या माणसांपुढं ती कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "मोडला. आवाज वरनं आला, त्याच्यात नाव मी घातलं. माझ्या मनात होतं तेच मला ऐकू आलं. तुम्हीही आपापल्या मनाला विचारा, तुम्ही कुणाचं नाव घातलंत."

कुंभारानं पाथरवटाकडं बघितलं, पाथरवटानं जमिनीकडं. सगळे पापाची वाट बघत राहिले. पाप काही आलं नाही. आवाज येत राहिला, जात राहिला, आणि एके सकाळी गुरवानं वेशीवरची दोरी सोडली.

बाहेर वडाखाली सारजाचा नवरा बसला होता. मिठाचे बैल बांधलेले, अंगावरची घोंगडी चिखलानं भरलेली. तो केव्हाच घाट चढून आला होता. पहाऱ्यावर बसलेल्या हौसाच्या नवऱ्यानंच त्याला परत फिरवलं होतं. तो भांडला नाही. घरात गेला, लेकीला उचललं आणि बायकोकडून सगळं ऐकून घेतलं.

हौसाचं पोर भाताची शितं खायला लागेपर्यंत सारजानं त्याला पाजलं. एक दिवसही चुकवला नाही. मग नवरा-बायकोनं बैलांवर संसार लादला आणि ती तिघं नदीपलीकडं निघून गेली. हौसा वेशीपर्यंत रडत गेली, पायाशी वाकली. सारजानं तिच्या पोराच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "सांभाळ त्याला." राहते असं काही ती म्हणाली नाही.

पोर वाचलं. शेजार गेला.

ते आभाळ कशानं घुमायचं, हे त्या गावाला कधीच कळलं नाही. वारा होता, पाखरं होती की आणखी काही, देव जाणे. त्या आवाजानं कुणाचं पान हललं नाही. जे मोडलं, ते माणसांनीच मोडलं.

म्हणून पोरांनो आणि थोरांनो, जे कळलं नाही त्याला 'कळलं नाही' म्हणावं, त्याला शेजाऱ्याचं नाव देऊ नये.