लहान मापाची बांगडी

फार वर्षं झाली. घाटाखालच्या खैरोशीत तेव्हा ना रस्ता होता ना दवाखाना, आणि गावचं सगळं शहाणपण पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मिशांत अडकलेलं होतं. त्या गावात ठकू नावाची कासारीण होती. ती डोळे मिटून बांगड्या भरायची, आणि बाईचा हात हातात घेतला की त्या घरात कोण पोटभर जेवतं नि कोण उपाशी उठतं, ते तिला कळायचं, असं म्हणतात.

एखादीचा हात बारीक लागला, की ठकू टोपली झाकायची आणि विचारायला लागायची. जेवतेस का? खोकला येतो का? पोटात जंत आहेत का? झोप लागते, की रडतेस? मग कुठल्या सुनेच्या ताटात खरवडच उरते, कुठली पोर क्षयाने झिजते, ते बाहेर यायचं. घराला ते आवडायचं नाही. पण बाई वाचायची.

एका संक्रांतीला तान्हाबाईच्या सुनेने, सगुणाने, हात पुढे केला आणि तिच्या जुन्या बांगड्या सरकन कोपराशी गेल्या. ठकू काही विचारणार, तोच तान्हाबाई म्हणाली, "चौकशा पुरे. लहान मापाच्या भर आणि ऊठ. सणाला चार लोक बघतात."

ठकूने भरल्या. जन्मात पहिल्यांदाच ती न विचारता उठली.

नागपंचमीला पाहते, तर त्या लहान बांगड्याही कोपराशी. या खेपेला ठकू हलली नाही. सगळं विचारलं. सगुणा जेवत होती, चौघांचं जेवत होती. खोकला नव्हता, जंत नव्हते. फक्त बोलता बोलता ती उठून रांजणाकडे जात होती, पुन्हा पुन्हा.

"खाते बकासुरासारखी, नि अंगाला मूठभर लागत नाही," तान्हाबाई म्हणाली. "हिच्या तोंडून दुसरंच कुणी जेवतंय."

पारावरच्यांनी माना डोलावल्या. बाधा आहे, त्या बाधेला उपाशी मारायचं, असं ठरलं. अन्न बंद, पाणी बंद, खोलीला बाहेरून कडी.

ठकू वळसा घालून परसात गेली. मोरीच्या तोंडाशी मुंग्या लागल्या होत्या. त्यांची रांग मोरीतून निघून, गल्ली ओलांडून, थेट पारावरून वेशीपर्यंत गेली होती, आणि म्हातारे पाय उचलून ती ओलांडत होते, असं म्हणतात. ठकू त्याच रांगेच्या कडेने धावत नदीपल्याडच्या वैद्याकडे गेली.

"खाल्लेल्याची साखर लघवीवाटे वाहून जाते तिची," वैद्य म्हणाला. "रोग तू ओळखलास, बाई. औषध माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही."

"मग मी करू काय, वैद्यबुवा?"

"तिची तहान खरी आहे. पाणी तेवढं अडवू देऊ नकोस."

ठकूने पारावर येऊन सगळं सांगितलं. म्हातारे हसले. "कासारणीनं बांगड्या भराव्यात. दुसऱ्यांच्या मोऱ्या हुंगत फिरू नये."

मग तिने तांब्या भरला आणि मागच्या खिडकीशी गेली. गजांतून सगुणाचा हात बाहेर आला. बांगड्या मनगटावरून निसटून दगडावर पडल्या. तांब्या धरायचं बळ त्या हातात नव्हतं. ठकूने तळव्यावर पाणी ओतलं. तोंडापर्यंत जाईतो ते बोटांतून गळून गेलं. तिने पुन्हा ओतलं. मग हात आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही.

सगुणा गेली त्या सकाळी ठकूच्या टोपलीतली लहान मापाची एकेक बांगडी आपोआप तडकली. ती टोपली पारावर उपडी करून ठकू वेशीबाहेर गेली. मुंग्यांची रांगही तिच्यामागे गेली, असं म्हणतात.

खैरोशीत आजही मोठ्या बाईला लहान मापाची बांगडी भरत नाहीत. हात बारीक झाला, की कासार टोपली झाकतो. बाईपुढे पाण्याचा भरलेला तांब्या ठेवतात, आणि ती पिऊन संपवेपर्यंत घरातल्या कोणी वडीलधाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मग कासार विचारतो आणि फक्त तीच बोलते.

म्हाताऱ्यांना अजून ते रुचत नाही. पण तांब्या उचलताना तिच्या बांगड्या वाजतात, आणि ते गप्प बसतात. सगुणासाठी मात्र कुणी गप्प बसलं नव्हतं.