चालती वेस

एक होता राजा, पण राज्य त्याचं एवढुसं. राजा अंगणात आंघोळीला बसला की पाणी वाहत शेजारच्या राज्यात जायचं, आणि तिथली माणसं भांडायला यायची. हसताय काय? राजाला फार लाज वाटायची त्याची.

मग एकदा काय झालं, एक गोसावी आला. राजानं त्याला पोटभर जेवू घातलं. गोसावी खूश झाला, म्हणाला, "माग काय हवं ते."

राजा म्हणाला, "माझं नगर रोज वाढू दे."

"कुठवर?"

"कुठवर काय विचारता? वाढू दे!"

गोसावी हसला, झोळी उचलली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी नगराची वेस उठली. वेस म्हणजे गावाचा मोठा दरवाजा, बरं का. हत्तीसारखी डुलत उठली, सगळा तट ओढत हातभर पुढे गेली आणि बसली. मग रोज तसंच. आधी हातभर, मग शेतभर, मग कोसभर.

वेशीवर पहारेकरी होता खंडोजी. वेस चालली तसा तोही भाला घेऊन तिच्यामागून चालला. नोकरीच ती! घर मात्र राहिलं जुन्या जागी, आणि घरात राहिली त्याची बायको ठकूबाई. नवऱ्याची नोकरी वाढली म्हणावं, की नवरा हातचा गेला म्हणावं, तिला काही उमजेना.

तसं वाईट काही नव्हतं हो. बाजार भरू लागला. तेलाचे घाणे आले. कुठकुठले लोक पोट भरायला आले. ठकूबाईच्या गवती छपरावर कौलं चढली. खोटं कशाला बोलू, सुख आलं. पण गोंधळही आला.

पहिला गोंधळ झाला गुराख्याचा. त्यानं सकाळी गुरं वेशीबाहेर नेली. संध्याकाळी बघतो तर वेस त्याच्याही पुढे गेलेली. आता गुरं बाहेर न्यायची, तर बाहेर कुठंय? बिचारा गुरं घेऊन बाजारात फिरत बसला.

दुसरा गोंधळ लग्नाचा. बोरवाडीचं वऱ्हाड आलं. सीमेवर नवऱ्यामुलाचे पाय धुवायचे, म्हणून पाट मांडले. तेवढ्यात वेस उठली आणि वऱ्हाडाला, पाटाला, अख्ख्या बोरवाडीला ओलांडून गेली. आता सीमा कुठली? पाहुणे कोण, यजमान कोण? दोन्ही व्याही पाटावर पाय पुढे करून बसले, आणि तांब्या घ्यायला कुणी उठेना!

तिसरा गोंधळ मात्र हसण्यासारखा नव्हता.

ठकूबाईची लेक मैना. तिला पिंपळवाडीला दिली होती. त्या नगरात रीत अशी, की वेशीच्या आतली मुलगी वेशीच्या आत द्यायची नाही. आणि लेक पहिल्या बाळंतपणाला आली, की आईनं वेशीवर जायचं, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मगच तिला माहेरी घ्यायचं. तसं न करता घेतली तर अपशकुन.

मैनाला सातव्यात आणायची, तर पौष आडवा आला. नववा लागला तेव्हा ठकूबाईनं गाडी जुंपली. आणि त्याच सकाळी वेस पिंपळवाडी गिळून पुढे गेली.

मैनाची सासू भली बाई. ती म्हणाली, "विहीणबाई, मी कशाला अडवू? पण आता एकच गाव झालं. आतल्या आत कसलं माहेर? पोर येणार कुठून आणि जाणार कुठं?"

मैनाच्या डोळ्यांना धार लागली. "आई, मला माहेर उरलंच नाही का गं?"

ठकूबाई तडक राजाकडे गेली. राजा गोंधळून म्हणाला, "अगं, मी तर भलंच केलं. लेक तुझ्या जवळ आली की!"

"जवळ आली, महाराज. पण येता येईना."

राजानं डोकं खाजवलं. म्हणाला, "मग तिला वेशीबाहेर ने आणि परत आत आण. झालं!"

असल्या बाबतीत राजाचं ऐकू नये. पण ऐकलं ठकूबाईनं. मैनाला गाडीत बसवलं आणि निघाल्या. वेस दिसली, दिसली म्हणेपर्यंत उठली आणि पुढे. पुन्हा गाठायला गेल्या, पुन्हा पुढे. आता ती दिवसभर चालत होती. लांबून खंडोजी हात हलवत होता. त्यालाही थांबता येईना.

आणि रस्त्यातच मैनाच्या पोटात कळा सुरू झाल्या.

ना माहेर जवळ, ना सासर. दोन्हीकडे नवीनच घरं, एक ओळखीचं नाही. ठकूबाईनं हाका मारल्या. तेवढ्यात एक दार उघडलं. परमुलखातून घाणा चालवायला आलेली बाई होती. तिची बोली ठकूबाईला अर्धी कळे, अर्धी नाही. तिनं मैनाकडे पाहिलं, आत खाट घातली, पाणी तापत ठेवलं आणि हातानं खूण केली, आणा तिला.

मैना उंबऱ्याशी अडली. म्हणाली, "आई, अपशकुन होईल गं. माझ्या बाळाला काही झालं तर?"

ठकूबाईला रडू फुटलं. रडतरडत तिनं फडक्यातली भाकरी सोडली, तुकडा मोडला, लेकीवरून ओवाळला आणि रस्त्यात टाकला. तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर घातलं.

"अगं आई, पण वेस कुठाय? हे घर तरी कुणाचं?"

"मला काही कळत नाही बघ, मैने. मी दारात उभी आहे ना? मग तू माहेरी आलीस. टाक पाऊल."

मैनानं पाऊल टाकलं. आणि मग काय! दिवेलागणीला मुलगी झाली, गोरीगोमटी, गळा काढून रडणारी. अपशकुन बिपशकुन काही झाला नाही. घाणेवाल्या बाईनं तिला तेल चोळलं आणि आपल्या बोलीत काहीतरी नाव ठेवलं. तेच नाव राहिलं.

नगरातल्या आयांना हे कळलं. त्यांच्या लेकीही अडकल्या होत्याच. मग ज्या त्या आईनं आपल्या दारातच तुकडा ओवाळायला सुरुवात केली. म्हणून हो, आजही माहेरवाशिणीला दारात ओवाळतात, गावाबाहेर जाऊन नाही.

मैना सुखी झाली, ठकूबाई सुखी झाली. खंडोजी सणावाराला धावतपळत येऊन नातीला खेळवून जायचा. राजाही सुखीच, पण नगर चांगलं झालं की वाईट, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मलाही नाही ठरवता येत.

आणि वेस? ती चालतेच आहे म्हणतात. आपल्या गावावरून गेली का अजून यायचीय, कुणास ठाऊक. आली तर येऊ दे. आपण दारात उभे राहू. मिटा बघू आता डोळे.