तुंब्याची साक्ष

“पुदिना करपला! तिसऱ्यांदा करपला!” धवलसेन महाराज गच्चीवर पाय आपटत होते.

महाराजांचा हट्टच तसा. मातीत रोपं कुणीही लावतं, राजाने ती पाण्यात वाढवावीत! म्हणून गच्चीवर दगडी टाक्या, टाक्यांत खताचे क्षार विरघळवलेलं पाणी, वर जाळीवर पुदिना आणि खाली पाण्यात लोंबणारी मुळं. हौस राजाची, जीव टांगणीला माळ्याचा!

“गोंदबा, तू खुराक जास्त घालतोस!”

“नाही महाराज, मापानेच घालतो,” म्हातारा माळी चाचरला.

“मग पाण्यात विरघळलेलं माप दाखव! नाहीतर बागेची किल्ली ठेव आणि चालायला लाग.”

चाळीस वर्षं त्या किल्लीने कमरेला घट्टा पडलेला. गोंदबाचा हात तिथे गेला आणि तिथेच राहिला.

तेवढ्यात त्याची सून हिरू पुढे झाली. मिठागरात वाढलेली पोर, जीभही तशीच खारी. “मामंजी, किल्ली राहू द्या. माप मी दाखवते.”

“तू?” महाराजांनी मिशी पिळली आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने तीन हंडे भरून आणले. “एकात साधं पाणी, एकात नेमका खुराक, एकात दुप्पट. ओळख! पण चाखायचं नाही, आटवायचं नाही, थेंबही बाहेर काढायचा नाही!”

“एवढंच? मला वाटलं, काही अवघड सांगाल!”

हिरू घरी गेली आणि मुठीएवढा सुका तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, घेऊन आली. पोटात वाळू, तोंडाला मेण आणि मेणात उभी रोवलेली गव्हाची बारीक काडी.

“हे काय खेळणं?”

“खेळणं कसलं, माझ्या बापाचा मुकादम आहे हा! मिठागराचं पाणी आटून पिकत जातं, खारट होतं, तसा हा वर उचलला जातो. पाणी जड, तर हा ताठ.”

तिने तुंबा एकेका हंड्यात सोडला. पहिल्यात काडी अर्धी बाहेर राहिली. दुसऱ्यात जेमतेम टोक दिसलं. तिसऱ्यात काडी पहिल्यापेक्षाही चांगली बोटभर वर आली.

“पहिल्यात नेमका खुराक, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात दुप्पट!”

महाराजांचा चेहरा पडला. अगदी बरोबर!

“आता खुद्द पुदिन्याला विचारू,” म्हणत हिरूने तुंबा टाकीत सोडला. तुंबा असा उसळला की काडीच काय, त्याचं डोकंही वर आलं!

“बघ! गोंदबाचाच दोष!”

“थांबा. टाकीतलं पाणी रोज खाली जातं. ते कोण भरतं?”

“मी!” महाराज छाती फुगवून म्हणाले. “रोज संध्याकाळी, माझ्या सोन्याच्या लोट्याने. आणि नुसतं पाणी नाही हं, खुराकाचं पाणी! मी काय कंजूष आहे?”

हिरूने कपाळाला हात लावला. “अहो महाराज, रोप पाणी पिऊन टाकतं, क्षार बराचसा मागेच राहतो. बिचाऱ्या पुदिन्याने तहानेने घोटभर पाणी मागितलं, आणि तुम्ही रोज लोणचं वाढलंत!”

महाराजांनी लोट्याकडे पाहिलं, करपलेल्या पुदिन्याकडे पाहिलं. मग महाराजांच्या पोटातून असं हसू फुटलं की पगडी घरंगळून टाकीत पडली.

“गोंदबा, किल्ली तुझीच! आणि हिरू, तू माग, काय हवं ते माग!”

“तुमचा सोन्याचा लोटा द्या, महाराज.”

“लोटा? सोन्याचा मोह पडला होय?”

“सोन्याचं मेलं काय कौतुक! तो तुमच्या हातात राहिला तर पुदिना चौथ्यांदा करपेल!”

महाराज हसत हसतच खाली बसले, आणि तिथूनच त्यांनी लोटा तिच्या ओटीत टाकला.