कासारणीची संध्याकाळ

एका गावात एक कासारीण राहत होती. तिच्याकडून बांगड्या भरून घ्यायला आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरूनही बायका यायच्या. ती समोरचीचा हात आपल्या हातात घ्यायची, तळवा दाबून दाबून मऊ करायची आणि काचेची बांगडी अशी सरकवायची, की दुखलेलं कळायचंही नाही. हात तिच्या हातात असेपर्यंत बायका मनातलं सगळं बोलून टाकायच्या. ती ऐकायची. इकडचं तिकडे कधी करायची नाही.

दिवस मावळला, की मात्र ती दुकान आवरायची, परसातल्या शेवग्याखाली पाट टाकायची आणि एकटीच बसायची. काही करायची नाही. नुसती बसायची.

आता कुणी नुसतं बसलं, की गावाच्या डोळ्यांत खुपणारच! देवळापुढे रोज संध्याकाळी बायका जमत. गप्पा, फुगड्या, हसणं-खिदळणं. त्यात पाटलीणबाई सगळ्यांच्या पुढे. बाई मनाची चांगली, पण आपल्याला आवडतं ते साऱ्या जगाला आवडलंच पाहिजे, असा तिचा खाक्या.

"एकटी काय भुतासारखी बसतेस गं?" ती कासारणीला म्हणायची. "माणसात ये जरा."

"दिवसभर माणसातच असते की, बाई," कासारीण हसायची. "संध्याकाळी थोडी माझ्यापाशी बसते."

"शिष्ट आहेस झालं!" पाटलीणबाई एकदा फणकारली. "आमच्यात बसायचं नसेल, तर माझ्या लेकीचा लग्नचुडा भरायलाही येऊ नकोस."

हे मात्र कासारणीला लागलं. त्या पोरीच्या इवल्याशा मनगटात पहिली बांगडी तिनेच भरली होती. ती मुकाट्याने देवळापुढे जाऊ लागली. आज एकीने ओढून नेलं, उद्या दुसरीने, मग रोजचंच झालं. फुगड्या खेळली, हसली, बायका खूश झाल्या. पण अंथरुणावर पडली, तरी तिच्या कानात तोच कलकलाट असायचा. दुकानात कुणी काही सांगू लागलं, तर ही नुसतं "हं, हं" करायची. हळूहळू बायकांनी सांगणंच सोडलं.

चुड्याचा दिवस उजाडला. पाटलांचं अंगण बायकांनी भरून गेलं. नवरीने हात पुढे केला, तो आखडलेला होता. एरवी कासारीण थांबली असती, "काय झालं गं?" म्हणून विचारलं असतं. आज तिचं लक्षच नव्हतं. तिने बांगडी तशीच रेटली. कट्कन आवाज झाला आणि हिरवी काच मनगटात घुसली.

"अगं बाई, चुड्यातली बांगडी!" बायका कुजबुजल्या.

"हे काय केलंस!" पाटलीणबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"चुकलं माझं," कासारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात धरला, पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. हल्ली कुणाचंच मला ऐकू येत नाही. आजची संध्याकाळ मला एकटीला बसू द्या. चुडा उद्या सकाळी भरते."

पाटलीणबाई नाहीच म्हणणार होती. पण लेक म्हणाली, "मी या मावशीकडूनच भरून घेणार."

त्या संध्याकाळी कासारीण शेवग्याखाली बसली. सकाळी आली, पोरीचा हात हातात घेतला आणि नुसती थांबली.

"बोल," ती म्हणाली.

"मावशी, सासरची माणसं चांगली आहेत," पोर हळूच म्हणाली. "पण घर माणसांनी भरलेलं. तिथे मला कधी घटकाभर एकटीला बसू देतील का? बसले, तर शिष्ट म्हणतील?"

"आईला सांगितलंस हे?"

"कसं सांगू? आई तुला बोलायची ना, तेव्हा दर वेळी वाटायचं, मलाच बोलतेय."

जखमेला लावायला हळदीची वाटी घेऊन पाटलीणबाई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. लेकीपाशी येऊन बसली आणि मनगटाला हळद लावता लावता तिला रडू फुटलं.

"विहीणबाईंशी मी बोलेन," ती म्हणाली.

पोरीचा हात सैल पडला. एकेक बांगडी अलगद आत गेली, एकही ओरखडा न उठता.

लग्न झालं. एका संध्याकाळी बायका देवळापुढून लगबगीने उठल्या.

"कुठे निघालात?" पाटलीणबाईने विचारलं.

"कासारणीला बोलवायला. घरीच आहे ती."

"घरी आहे ना? मग राहू द्या तिला," पाटलीणबाई म्हणाली आणि त्यांना खाली बसवलं.

तात्पर्य एवढंच: जे माणूस थोडा वेळ स्वतःपाशी बसतं, त्यालाच दुसऱ्याचा हात नीट धरता येतो. त्याला ओढून नेऊ नये.