ज्यांची बाजू कुणी मांडली नाही

फार पूर्वीची ही गोष्ट आहे. कदाचित फार पुढचीही असेल, कारण माणसे या गोष्टीत जशी आहेत तशीच आजही आहेत.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते आणि त्या राज्याच्या डोक्यावर एक संकट होते. वरच्या खोऱ्यात दरड कोसळून नदी अडली होती. दरडीमागे पाणी साठत साठत मोठे तळे झाले होते. पुढच्या पावसाळ्यात ही दरड फुटणार, हे खालच्या गावांतल्या सगळ्यांना ठाऊक होते. लोकांनी पहारी चालवल्या, सुरुंग लावले. खडक काही हलला नाही.

त्याच वर्षी आभाळातून एक यान उतरले. त्यातून आलेल्यांना राज्यातले लोक दूरवासी म्हणू लागले. ते उंच होते, बोरूसारखे सडपातळ, आणि त्यांचा रंग ओल्या राखेसारखा होता. खडक लोण्यासारखा कापणारे हत्यार त्यांच्याजवळ होते. आणि त्यांच्या यानात त्यांची अंडी होती.

अंड्यांना हिवाळाभर ऊब हवी होती. यानातली ऊब संपत आली होती. थंडीतही गरम राहणारी जागा साऱ्या राज्यात एकच होती, देवीच्या डोंगराखालची गरम पाण्याची कुंडे.

म्हणजे गरज दोघांनाही होती आणि देण्यासारखे दोघांजवळही होते. तह व्हायला आणखी काय लागते, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटते.

राजाने बोलणी करण्यासाठी भानुमती नावाच्या तरुण बाईला वकील नेमले. तिला परकी भाषा चटकन येत असे. ती काही काळ यानाजवळ तंबू ठोकून राहिली. दूरवासींची बोली शिकली, त्यांना आपली शिकवली, आणि परत येऊन राजाला म्हणाली, “महाराज, त्यांची रीत वेगळी आहे. त्यांच्यात कुणी आपली बाजू स्वतः मांडत नाही. त्यांचा वकील आपल्या राज्याची बाजू मांडेल. त्यांची बाजू मी मांडायची. दोन्ही बाजू अशा मांडून झाल्या की तह झाला.”

राजा हसला. “म्हणजे मीठ आमचं खायचं आणि घसा त्यांच्यासाठी कोरडा करायचा?”

त्या दरबारात एक जुनी प्रथा होती. काहीही न देता जो बोलणी उरकून येई, त्याच्या खांद्यावर राजा स्वतः शाल घाली. प्रधानाच्या घरी अशा शालींनी पेटी भरली होती. तो पुढे सरसावला.

“महाराज, ही तर मोठी सोय झाली! त्यांचा वकील आपली बाजू मांडणार. आपणही आपलीच मांडू. दोन्ही वकील आपले, त्यांचा एकही नाही!”

दरबारात हशा पिकला.

“प्रधानजी, तसं केलं तर तह होणारच नाही,” भानुमती म्हणाली.

“पोरी, तू नुसती उभी राहा. बोलायचं ते मी बोलतो.”

बोलण्यांचा दिवस उजाडला. दूरवासींचा वकील दरबारात आला. तो वयाने मोठा होता. त्याला बसायला आसन दिले, तरी तो उभाच राहिला, आणि बोलू लागला.

“या लोकांची गावं तळ्याच्या तोंडाशी आहेत. ढग दिसला की इथल्या आया पोरांना उंचावर घेऊन जातात. कुंडांत यांची म्हातारी माणसं दुखरे गुडघे शेकतात. तिथे यांच्या देवीची जत्रा भरते. आमच्या अंड्यांनी ते पाणी गढूळ होईल. आणि आमचं हत्यार उद्या यांच्यावरच चालणार नाही, याची यांना खात्री काय? आधी दरड कापून मिळावी आणि मग ते हत्यार यांच्या डोळ्यांसमोर मोडलं जावं, असंच यांना वाटणार. यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.”

राज्यातल्या कुणालाही आपले दुःख इतके नीट सांगता आले नसते. बोलून झाल्यावर तो भानुमतीकडे वळला आणि थांबला.

प्रधान उठला. “आमच्या मित्रांनी सगळं सांगितलंच आहे. आमचं वेगळं काही म्हणणं नाही!”

“असा वकील शोधून सापडला नसता हो,” सेनापती शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, पण ते साऱ्या दरबाराला ऐकू गेले. लोक पोट धरून हसले. दूरवासी संध्याकाळपर्यंत उभा राहिला आणि मग निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही हेच झाले. सकाळचे दव आता गवतावर गोठू लागले होते.

दरबार सुटल्यावर भानुमतीने दूरवासींच्या वकिलाला अंगणात गाठले. “त्या अंड्यांत तुमचंही आहे ना?”

“आहे.”

“मग सरळ मागत का नाही? उद्या राजासमोर जा आणि सांगा!”

“मी मागितलं तर तो देईल, किंवा देणार नाही. पण माझं दुःख त्याला कळलं का, हे मला कसं कळणार? आणि ज्याला ते कळलेलं नाही, त्याच्या दारात मी अंडी कशी ठेवू?”

भानुमती मान खाली घालून घरी निघाली. मला मात्र इथे दर वेळी ओरडावेसे वाटते की, अगं, बोल ना, कसली वाट बघतेस! पण गोष्टीतल्या माणसांपर्यंत आपला आवाज पोचत नाही. त्यांचे त्यांनाच बोलावे लागते.

तिसऱ्या दिवशी ती बोलली. प्रधान उठायच्या आत ती पुढे आली.

“महाराज, या लोकांची अंडी थंड पडताहेत. त्यांच्यातली एक आई अंड्याला कान लावून बराच वेळ बसली होती. मग तिने ते अंडं उचललं आणि हळूच बाजूला ठेवलं. बाजूला ठेवलेल्या अंड्यांची तिथे रांग झाली आहे. मी ती पाहिली. आपल्या कुंडांचं गरम पाणी फुकट वाहून जातंय. एक हिवाळा आपल्या म्हाताऱ्यांनी घरी शेगडीवर गुडघे शेकले तर काय बिघडेल? आणि यांना आपली भीती वाटते, महाराज. ते मूठभर आहेत, आपण लाखभर. कुंडांच्या वाटेवर आपले भाले उभे असतील तर त्यांना झोप कशी लागेल? तिथला पहारा त्यांचाच असू द्या.”

“फितूर!” कुणीतरी ओरडले.

“अरे, हिला बाहेर काढा आधी!” सेनापती गरजला.

पण तेवढ्यात दूरवासींचा वकील गुडघे दुमडून खाली बसला. आपल्या मनातले ओझे दुसऱ्याने उचलल्याशिवाय बसायचे नाही, अशी त्यांची रीत होती. बसल्या बसल्या त्याने राजाला विचारले, “महाराज, हा आवाज तुमचा आहे का?”

राजा वाईट माणूस नव्हता. अंड्यांची ती रांग त्याच्याही डोळ्यांसमोर आली होती. त्याला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. पण सारा दरबार त्याच्याकडे पाहत होता. न मागता सगळे मिळत असताना कुंडे देऊन बसलो, तर लोक काय म्हणतील, असा विचार त्याच्या मनात आला.

“नाही,” राजा म्हणाला. “हा आवाज आमचा नाही. ही बाई आता आमची वकील नाही.”

दूरवासी सावकाश उठला. “मग आमची बाजू कुणीच मांडली नाही. तह झाला नाही.”

“अहो, असं कसं?” प्रधान गडबडला. “दरड कापून द्यायचं तुम्हीच तर कबूल केलंत!”

“मी कबूल केलं नाही. मी तुमची बाजू मांडली. ती खरीच आहे. पण एकाच काठावर पूल उभा राहत नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो भानुमतीपुढे वाकला आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी यान उडाले. “पळाले, पळाले!” म्हणत लोकांनी ढोल वाजवले. चौकाचौकांत साखर वाटली गेली. कुंडे राखल्याबद्दल राजाने प्रधानाच्या खांद्यावर शाल घातली.

भानुमती तळ्याखालच्या गावांत गेली. घरोघर जाऊन सांगू लागली, “तह झालेला नाही. दरड आता कुणी कापणार नाही. पावसाआधी निघा.” काहींनी तिला दारातूनच हाकलले. एक म्हातारी म्हणाली, “काय गं, राजानं साखर वाटली म्हणतात, आणि तू आम्हाला घर सोडायला सांगतेस?”

“साखर वाटली, आजी. दरड कापली का?”

म्हातारीने वर खोऱ्याकडे पाहिले आणि गाईचे दावे सोडायला घेतले.

पावसाळ्यात दरड फुटली. ज्यांनी ऐकले ते वाचले. साखरेवर विश्वास ठेवून जे राहिले, ते घरांसकट, शेतांसकट वाहून गेले. पाणी ओसरले तेव्हा देवीची कुंडे गाळाने भरून सपाट झाली होती.

राजा डोंगरावरच्या छावणीत आला. वाचलेल्या लोकांमधून वाट काढत तो भानुमतीजवळ गेला. मग त्याने विचारले, “त्या अंड्यांचं काय झालं असेल गं?”

हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. आणि त्याचे उत्तर देऊ शकेल असे आता तिथे कुणी नव्हते.

तात्पर्य: समोरच्याचे दुःख ज्याला आपल्या तोंडाने मांडता येत नाही, त्याने वाद कितीही जिंकले तरी त्याच्याशी कुणाचाही तह होत नाही.