दिलेल्या लेकींची पोरं

गोष्ट सांगा म्हणे! इथे माझा चहा निवतोय आणि तुम्हाला गोष्ट हवी. बरं, बसा. मध्ये बोललात तर उठून जाईन.

फार जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी तांबं वितळवायच्या भट्ट्या होत्या. धूर निघायचा, डोंगराला धडकायचा आणि माघारी गावावर बसायचा. वाळत घातलेली धोतरं काळी व्हायची. पण गावाच्या चुली पेटायच्या त्या भट्ट्यांच्याच जिवावर, म्हणून कुणी तोंड उघडत नसे.

त्या गावात एक सून होती. तिच्या तोंडी सारखं एकच, "असं कसं?" सासू वैतागायची. "अगं, तोंडाला कुलूप लाव जरा!"

तिचा थोरला मुलगा मानेला गाठ येऊन गेला. मग चुलत दिरांची दोन पोरं तशीच गेली. गाव म्हणालं, "त्या घराण्याचं रक्तच नासकं." भट्टीवाला शेटही तेच म्हणाला. "धूर तर सगळं गाव पितं. बाकीची पोरं बघा, कशी वासरांसारखी उधळतात!"

सुनेच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. ती रोज तिची मान चाचपायची. रक्तच नासकं असेल, तर मग वन्संच्या पोरांचं काय?

तिची थोरली नणंद डोंगरापलीकडे दिलेली. मुलीला झोळीत घालून सून तिकडे गेली. बघते तर नणंदेची सगळी पोरं आंब्यावर चढलेली. एकाच्याही मानेला गाठ नाही.

"वन्सं, तुम्ही तर आमच्याच घरच्या. असं कसं?"

"मला काय विचारतेस, वहिनी? आमची आजारी पडतात ती कैऱ्या खाऊन."

परतीच्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं. गावाने घरात राहिलेलीच माणसं धरली होती. दिलेल्या लेकी कुणी धरल्याच नव्हत्या. आणि धाकटी नणंद तर त्या शेटचीच सून! गाठींचं हे सगळं सुरू व्हायच्या आधी दिलेली.

सून थेट शेटच्या दारात गेली. "धाकट्या वन्संचा मुलगा बरेच दिवस दिसला नाही?"

शेट गुरगुरला, "तुमच्या रक्ताशी त्याचा काय संबंध? लग्नात कूळ बदललं तिचं."

"कूळ भटजींनी बदललं, शेटजी. रक्त कुणी बदललं?"

आतून धाकटी नणंद पोराला कडेवर घेऊन आली. भर उन्हात त्याच्या गळ्याला उपरणं गुंडाळलेलं. तिने ते सोडलं. खाली गाठ होती.

शेट चाचरत म्हणाला, "म्हणजे तुमच्या रक्ताचाच दोष ना हा?"

"आमचं रक्त हळवं असेल. पलीकडच्या पोरांचंही तितकंच हळवं. पण तिथे धूर नाही."

"मग जा ना पलीकडे राहायला!"

"मी जाईन हो. तुमच्या नातवाचं काय? आमच्या लेकी या गावात किती घरी दिल्यात, आठवतं कुणाला? कोणाचं पोर हळवं, ते काय कपाळावर लिहिलेलं असतं?"

शेटने नातवाच्या मानेवरची गाठ चाचपली. त्याच संध्याकाळी त्याने भट्ट्या विझवल्या आणि पुढे लांबच्या ओसाड माळावर नेल्या. लोकांना पायपीट पडली. त्यांनी शेटला शिव्या घातल्या, सुनेलाही घातल्या.

नातू वाचला नाही. उशीर झाला होता. तान्ही मात्र वाढली, त्याच गावात दिली गेली, आणि तिच्या पोरांच्या माना चाचपायची वेळ कुणावर आली नाही.

बोध एवढाच: पोराचं रक्त बदलता येत नाही, धूर हटवता येतो, म्हणून जे हटवता येतं ते आधी हटवा.

परवा हीच गोष्ट सांगितली, तर भट्टीची बाजू घेऊन एकाने मला चारचौघांत येडा ठरवलं. त्याची माफी अजून यायचीय. कोण म्हणून काय विचारता? तोच तो, दाजिबा घोलप!